रोटाचं पाणी उलटं गेलं तेव्हा

दुपार उलटली की मला घरात बसवत नाही. गुजराती मुलखातल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत पाणी त्याच सुमाराला येतं. आधी नळ सुस्कारा टाकतो, मग खरखरतो, मग धार लागते, आणि धार लागली की घराघरातल्या मोटारी एकदम घुं करून सुरू होतात. मी उठतो, चपला घालतो, दाराशी जातो, परत येतो. बायको वैतागते. "बठा ना आते एक जागे! काम सोडं ना तुम्ही?" सोडलं की! पण कानांना कोण सांगणार? कुणाची मोटार कोरडी फिरतेय, कुणाचा वॉल्व टकटक करतोय आणि कुणाचा करायचा थांबलाय, हे मला हातात चहा असतानाही ऐकू येतं. टकटक करणारा वॉल्व मला चालतो. गप्प झालेला वॉल्व मात्र चहा गोड लागू देत नाही.

आमच्या खान्देशी मंडळाचा अंक काढणाऱ्या पोरांनी मागे लागून सांगितलं, "नाना, तुमच्या कामावर लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा." कळायला त्यात अवघड काय आहे? आलेलं पाणी उलटं जाऊ द्यायचं नाही, एवढाच माझा जन्मभराचा धंदा. हे सांगितलं की समोरचा हसतो. म्हणतो, "पाणी कधी उलटं जातं का नाना?" मला तिथेच राग येतो.

जातं बाबा. नळाला पाणी असतं तेव्हा पाइपात दाब असतो, तोवर सगळं ठीक. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा व्हायला लागतो आणि रिकामा होणारा पाइप मागून जे मिळेल ते ओढतो. त्यात आपल्याकडे प्रत्येकाने लाइनीला थेट मोटार जोडलेली. ती मोटार पाणी संपलं तरी ओढतच राहते. अशा वेळी ज्याची तोटी उघडी आणि तोटीचा रबरी पाइप बादलीत बुडालेला, त्याच्या बादलीतलं पाणी गल्लीच्या लाइनीत जातं आणि तिथून शेजाऱ्याच्या माठात. बादलीत काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत. आणि आपल्या लोकांची सवय कशी, तर पाणी आलेलं कळावं म्हणून तोटी दिवसभर उघडीच ठेवायची!

हे अडवायला घराच्या जोडणीवर एक वॉल्व बसवतात. आम्ही मिस्त्री लोक त्याला रिटर्न वॉल्व म्हणतो. पितळेचं बोंडकं, आत बिजागरीवर लोंबणारा एक पडदा. पाणी पुढे आलं की पडदा उघडतो, मागे फिरलं की टक करून मिटतो. बस्स, इतकंच.

हे काम मी हजीऱ्याला शिकलो, एका प्लांटमधल्या ठेकेदाराकडे. तिथे प्यायच्या पाण्याच्या लाइनीवर दोन पडद्यांचे वॉल्व होते, त्यांना बारक्या तोट्या होत्या, तोट्यांना दाब मोजायचं गेज लावून तपासणी व्हायची, आणि पास झालेल्या वॉल्वला पत्र्याचा बिल्ला अडकवायचा. बिल्ला नसला तर त्या नळाचं पाणी कुणी पीत नसे. त्या शिस्तीचा मला नाद लागला. पुढे मी वेसू-अडाजणच्या सोसायट्यांत हेच काम केलं. एका शेठला वॉल्व नको होता म्हणजे नकोच होता. "मारा घरनुं पाणी चोख्खुं छे," म्हणायचा. मी म्हटलं, "शेठ, या वॉल्वमुळे घरात आलेलं बाहेर जात नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिजोरीच्या खोलीकडे पाहिलं, आणि दोन बसवायला सांगितले. असाही धंदा केलाय.

लिंबायतमध्ये गेज काढून बसायला कुणाला सवड आहे? इथली माझी तपासणी म्हणजे वर्तमानपत्राचा ओला तुकडा. पुरवठा गेला की तोटी उघडायची, तोंडाला कागद लावायचा. गळून पडला तर वॉल्व शाबूत. चिकटून आत ओढला गेला तर समजायचं, या घरातून पाणी मागे जातंय.

बरं, वॉल्व बसवून काम संपत नाही. आपले लोक तो उघडतात आणि आतला पडदा काढून टाकतात! का, तर धार बारीक येते. का, तर टकटकीने बाळ उठतं. बाहेरून बोंडकं जसंच्या तसं. विचारलं की ठसक्यात सांगणार, "वॉल्व शे ना, नाना!" आहे, पण आत काय आहे? नुसती चौकट आणि त्यातून सगळी ये-जा मोकळी. आयुष्यभर मी या एका गोष्टीवरून लोकांशी भांडत आलो आणि एकदाही जिंकलो नाही.

आता सरलाची गोष्ट सांगतो. अंकवाल्यांनी मोठमोठ्या बिल्डिंगांबद्दल लिहा म्हटलं होतं, पण माझ्या डोक्यातून ही जात नाही.

सरला आमच्याच गल्लीत राहते, अकोल्याकडची. नवरा हंगामात चलथाणच्या साखर कारखान्यावर असतो, एरवी रिक्षा चालवतो. सरला खानावळ चालवते. लूमवर, म्हणजे कापडाच्या मागांवर काम करणारी, घरदार सोडून आलेली माणसं तिच्या ओट्यावर दोन्ही वेळा जेवतात. बाई तोंडाची फटकळ पण हाताची स्वच्छ, भांडी अशी घासते की आत तोंड दिसावं. गेल्या वर्षी आषाढात तिच्याकडची माणसं आजारी पडायला लागली. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब, एकाला दवाखान्यात बाटली लावली. लूमच्या मुकादमाने सांगून टाकलं, राखीपौर्णिमेपर्यंत पाहतो, नाहीतर माणसं दुसऱ्या खानावळीत बसवतो. खोलीचा मालक त्याच्या आधीच येऊन गेला होता, "बेन, मने लफडां नथी जोईतां." त्याला भानगडी नको होत्या. गल्लीतल्या बाया तिच्याकडून भाजी घ्यायच्या, त्याही बंद झाल्या.

ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती, चिडली होती. "नानाभाऊ, मी काई शिळं घालत नाई कोणाले. मले पाण्याचाच वहीम हाय. तुमी एवढे मिस्त्री म्हणवता, शोधून द्या ना मंग! नाई तं पौर्णिमेले खानावळ बंद अन् मी चालली अकोल्याले."

असं बोलल्यावर मी बसून राहणार होतो का? रोज पाणी गेलं की मी कागदाचे तुकडे खिशात घालून गल्लीत फिरायला लागलो. ज्यांनी नळाला हात लावू दिला त्यांचे नळ पाहिले. ज्यांनी दिला नाही त्यांच्या दारात उभं राहून वाद घातला. एम्ब्रॉयडरीचा कारखाना चालवणाऱ्या एकावर माझा दाट संशय होता. चारचौघांत त्याचा वॉल्व उघडायला लावला. आत पडदा नवा कोरा, चकचकीत! तो म्हणाला, "काका, हवे खुश?" म्हणजे, आता झालं समाधान? मी मान खाली घालून पाना पिशवीत टाकला. सरलाची मोटार गल्लीत सगळ्यांत दांडगी, तिला पाणी जास्त लागतं म्हणून. ती कुणाच्या तरी घरातून घाण ओढत होती एवढं मला कळत होतं, कुणाच्या ते सापडत नव्हतं. एक घर मी पाहिलंच नाही. माझ्या थोरल्या वहिनीचं. तिथला वॉल्व मी स्वतःच्या हाताने बसवला होता. तिथे काय पाहायचं?

मधे कानबाईचा रविवार आला. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घराघरात कानबाई देवी बसते, सोमवारी तिचं तापीत विसर्जन. आणि त्या रविवारचे रोट! घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू मोजून घ्यायचे, त्याच पिठाचे रोट, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला कणही द्यायचा नाही. लग्न झालेली लेकसुद्धा परकी. इतकंच काय, आमच्या घराण्यात रोट खाऊन हात धुतलेलं पाणीही गटारात सोडत नाहीत. गावाकडे अंगणात खड्डा करून त्यात जिरवायचे. इथे अंगण कुठलं? म्हणून मोरीत एक मोठा टोप ठेवतात. सगळ्यांनी त्यातच हात धुवायचे, त्यातच चूळ भरायची, आणि सोमवारी तो टोप कानबाईबरोबर तापीवर न्यायचा.

भाऊ गेल्यापासून आमच्या घराण्याची कानबाई वहिनीच बसवते. वयाने मोठी, बोलायला त्याहून मोठी. त्या दिवशी जेवणं होत आली आणि नळाला पाणी आलं. वहिनीचा मुलगा कैलास रबरी पाइप धरून प्रत्येकाच्या हातावर पाणी घालत होता. मीही त्याच टोपात हात धुतले, चूळ भरली. टोप काठाला आला. तेवढ्यात पाणी गेलं. कैलासने पाइप तसाच टोपात टाकला आणि आरतीचं पाहायला पळाला.

थोड्या वेळाने मोरीतून वहिनीचा आवाज आला. "टोप अर्धा व्हई गया! रोटनं पानी कोणी फेकं?" मोरीजवळ बाळाचं दुपटं घेऊन सूनबाई उभी होती, कैलासची बायको मनीषा. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. "मी नाही ओतलं आत्याबाई, देवीशप्पथ नाही ओतलं." पण ऐकतंय कोण? कानबाई घरात बसलेली असताना असा विटाळ, आता घराचं काय होईल, एकेक जण बोलायला लागला आणि पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर ओट्यावर आलो.

तर समोरून सरला येताना दिसली. हातात ओलं फडकं. ती मोटारीच्या पाइपाला नेहमी पांढरं फडकं बांधते, कचरा अडावा म्हणून. ते तिने माझ्यापुढे उलगडलं. "पाहा. आता मोटर बंद करता करता हे आलं. गटार म्हणा नाई तं काय म्हणा, पण हे काय हाय ते मले सांगा."

फडक्यावर केशरी गर होता. एक भोपळ्याच्या सालीचा तुकडा होता. पिठाचे बारीक कण होते. मी फडकं नाकाशी नेलं आणि वेलदोड्याचा वास आला. खिरीचा. गटारात कुणी वेलदोडे टाकत नाही.

"थांब जराशी," म्हणालो आणि आत गेलो, सरळ मोरीत. रबरी पाइप टोपात बुडालेला, तोटी उघडी. पाइप काढला, कागद भिजवून तोटीला लावला. सप्प करून चिकटला. शेजारी कुणाची तरी मोटार अजून घुमत होती. पिशवीतून पाना आणून वॉल्वचं झाकण उघडलं. आत पडदा नव्हता. माझ्या हाताने बसवलेला वॉल्व, माझ्याच घराण्यात, रिकामा.

कैलास मागे येऊन उभा होता. "काका, धार फार बारीक यायची म्हणून मीच काढला. पण वॉल्व तर आहे ना!"

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं सांगतो, हात वर गेला होता. मग माझं लक्ष मोरीच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे बाळाच्या लंगोटांची बादली होती. आज कानबाई म्हणून बाजूला सरकवलेली, एरवी नळाखालीच असते आणि पाइप तिच्यातच पडलेला असतो. लंगोट बादलीत, पाइप बादलीत, तोटी उघडी, आणि पलीकडे सरलाची दांडगी मोटार. दवाखान्यात बाटली लावून पडलेला तो कामगार डोळ्यांपुढे आला.

कैलासलाही उमगलं. चेहरा उतरला त्याचा. हळूच म्हणाला, "काका, आईला नका सांगू. मी उद्या पडदा आणतो, तुम्ही बसवून टाका. विषय संपला. कोणाला कळणारपण नाही."

पडदा बसवला असता तर पाणी चांगलं झालं असतं, हे खरं. पण सरलाच्या नावाला लागलेलं कोण पुसणार होतं? मुकादमाला पाण्याचं काय कळणार, त्याला खानावळ खराब एवढंच माहीत. आणि मनीषा? तिने तर जन्मभर देवीचं पाणी फेकलं म्हणून ऐकून घेतलं असतं. दुसऱ्या बाजूला वहिनी. लंगोटांचं ऐकून तिला लाज वाटली असती, पण रोटाचं पाणी परक्याच्या घरात गेलं हे ऐकून ती कोसळलीच असती. ऐन कानबाईच्या दिवशी! मोरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मोरीत, मी नुसता येरझारा घालत होतो. हजीऱ्याला बरं होतं, नापास वॉल्वचा बिल्ला काढून घेतला की काम संपायचं.

शेवटी मी फडकं वहिनीपुढे धरलं आणि सगळं सांगितलं. पडदा, पाइप, टोप, सरलाची मोटार, आणि लंगोटांची बादलीसुद्धा. काही झाकून ठेवलं नाही. "मनीषाने थेंब सांडलेला नाही वहिनी. पाणी नळाने मागे गेलंय."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. फडक्यावरचा गर तिने बोटाने चाचपला. "म्हनजे आमना रोट... तिना घरमा गया?"

"गेला."

"तिना पोटमा?"

"तिने तेच पाणी पिण्याच्या ड्रममध्ये भरलंय. आज नसेल गेला, पण याआधी बादलीतलं काय काय गेलं असेल ते विचारू नका."

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर माझ्यावर धावून येईल. ती उठली. मनीषाकडे गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली, सरळ सरलाच्या ओट्याकडे. मागे मी, माझ्यामागे कैलास.

ओट्यावर माणसं जेवायला बसायची वेळ होती, बसलेली फार नव्हती. मुकादम उभा होता. वहिनीने त्याच्यासमोरच बोलायला सुरुवात केली, खणखणीत अहिराणीत, त्याला किती कळतंय याची पर्वा न करता. "आमना घरनं खराब पानी हिना नळमा येत व्हतं. तेनाघाई तुम्हना मानसं बिमार पडनात. हिनी काईज चूक नही. काय बोलनं ते माले बोला."

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हिंदीत समजावलं. तेव्हा कैलासने तोंड उघडलंच. "पण आई, ओढलं तर हिच्याच मोटारीने ना!" आता हेही खोटं नव्हतं. मी सरलाला कितीदा सांगितलं होतं की लाइनीला थेट मोटार लावू नको, खाली टाकी कर. टाकीला जागा नाही म्हणायची.

वहिनी गर्रकन वळली. "तिनी मोटारनी ओढं, पन घान कोना घरनी व्हती? चूप बठ!"

मग सरलाचा बांध फुटला. "महिना झाला हो माय, लोक माह्या तोंडाकडे पाहून थुंकत होते. मी रोज भांडे घासून घासून हाताची कातडी काढली. अन् तुमचं लंगोटाचं पाणी पीत होती मी?" वहिनीने मान खाली घातली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातलेलं पाहिलं. मग ती पुढे झाली, सरलाचे ओले हात तिने स्वतःच्या हातात धरले आणि म्हणाली, "व्हय माय. माफ कर."

तो ड्रम आम्ही सगळ्यांनी मिळून ओतायला घेतला. वहिनी तेवढ्यातही म्हणालीच, "गटारमा नको." मग कैलासने ते पाणी बादलीबादलीने सरलाच्या नवऱ्याच्या रिक्षात चढवलं आणि सोमवारी टोपासोबत तेही पाणी तापीवर गेलं. मिरवणुकीत लोक विचारत होते, एवढं पाणी कशाला? आम्ही टोप सांभाळत पुढे चालत राहिलो. नवीन पडदा मी त्याच दिवशी बसवला. सरलाच्या जोडणीवरही वॉल्व टाकला, आणि नवऱ्याने ओट्याखाली खणून छोटी टाकी केली. मुकादमाने माणसं हलवली नाहीत. ज्याला बाटली लावली होती तोही बरा होऊन परत तिच्याच ओट्यावर बसला. पण त्याला पाहिलं की मला अजून कसंतरी होतं. माझ्या घराण्यातल्या घरातून त्याच्या पोटात काय गेलं ते मला माहीत आहे, त्याला नाही.

यंदाची कानबाई आली. गहू मोजायला आम्ही सगळे बसलो. वहिनी एकेक नाव घेऊन मूठ टाकत होती. माझी झाली, कैलासची झाली, बाळाची झाली. सगळी नावं संपली तरी तिचा हात पुन्हा गव्हात गेला. तिने मूठ भरली आणि म्हणाली, "ही सरलानी."

कुणी तरी कुजबुजलं, बाईच्या नावाची मूठ नसते आणि ती तर परकी. वहिनीने मान वर न करता सांगितलं, "आमना घरनं पानी पिनी ती. आते परकी कशी?" माझी लग्न झालेली मुलगी आली होती, ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "बाबा, मला रोट नाही आणि तिला? मीपण पिऊ का लंगोटाचं पाणी?" एवढ्या सोवळ्यातही सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली.

रविवारी सरला आली, नवी साडी नेसून, अवघडून पंगतीच्या टोकाला बसली. रोट खाल्ला. जेवणं होता होता नळाला पाणी आलं आणि मला बसवेना. मी उठून मोरीत गेलो. पाइप मी धरणार, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. एकेक जण हात धुऊन गेला. सरला सगळ्यांत शेवटी आली. तिने टोपावर हात धरले आणि तेवढ्यात धार तुटली. पुरवठा गेला होता. भिंतीत वॉल्व वाजला, टक.

सरलाने झटकन हात मागे घेतले. पाइपाकडे बघितलं, टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दारात वहिनी उभी होती. ती आत आली, माठातून तांब्या भरून घेतला आणि सरलाच्या हातावर स्वतः पाणी घालायला लागली.

"धू माय," ती म्हणाली, "आते पानी उलटं कथाज जात नही."